नानांचे केस

कोजागिरीला पंधरा दिवस उरले असताना सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, "पोस्टर कोण करणार?" आणि नेमका त्याच वेळी मी मान वर करून पंख्याकडे बघत होतो. बाकी सगळ्यांच्या माना खाली होत्या. आमच्या सेक्रेटरींच्या हिशेबात वर असलेली मान म्हणजे होकार. शिवाय गेल्या वर्षी 'लिफ्ट बंद आहे' ही नोटीस मी कॉम्प्युटरवर केली होती आणि जिन्याकडे एक बाण काढला होता. तेव्हापासून बिल्डिंगीत मी कलावंत म्हणून ओळखला जातो.

कार्यक्रम साधाच होता. गच्चीवर मसाला दूध आणि तिसऱ्या मजल्यावरच्या नानांचं गाणं. नाना बँकेतून निवृत्त झाल्यापासून कराओकेवर गातात आणि खरं सांगायचं तर बरं गातात. साठ-सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी. तेव्हा पोस्टरही रेट्रो हवं, असं एकमतानं ठरलं. रेट्रो म्हणजे काय यावर मात्र एकमत झालं नाही. सेक्रेटरींच्या मते ग्रामोफोनचा कर्णा. वहिनींच्या मते पोलका डॉटची साडी. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "ब्लॅक अँड व्हाइट करा, शाई वाचेल."

मला मात्र रेट्रो म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं. कॉलेजात असताना मित्राच्या खोलीत एक पोस्टर होतं. पांढऱ्या कागदावर अमेरिकन गायक बॉब डिलनच्या चेहऱ्याची बाजूनं दिसणारी काळी सावली. डोळा नाही, कान नाही, नुसता काळा आकार. आणि डोक्यावर केसांच्या जागी निळ्या, हिरव्या, केशरी, जांभळ्या लाटा. खाली कोपऱ्यात एकच शब्द, डिलन. न्यूयॉर्कच्या मिल्टन ग्लेझर नावाच्या ग्राफिक डिझायनरनं ते केलं होतं आणि 1967 साली डिलनच्या निवडक गाण्यांच्या एलपीत, म्हणजे मोठ्या तबकडीच्या पाकिटात, ते घडी घालून दिलेलं असायचं. साठ लाखांच्या वर प्रती निघाल्या. पुढे 'आय लव्ह न्यूयॉर्क' या बोधचिन्हातलं ते लाल बदाम काढणारा माणूसही हाच. ते त्यानं टॅक्सीत बसल्या बसल्या पाकिटावर लाल क्रेयॉननं खरडलं होतं. म्हटलं, आपणही काहीतरी खरडू. मी रिक्षात बसून प्रयत्न केला. कोथरूड ते डेक्कन एवढ्या प्रवासात माझ्या पाकिटावर जे उमटलं ते ईसीजीसारखं दिसत होतं.

मग सरळ नानांचा बाजूनं फोटो काढायला तिसऱ्या मजल्यावर गेलो. "डावीकडे बघा नाना. हनुवटी जरा वर." नानांचं नाक पोस्टरच्या लायकीचं आहे, एकदम ठसठशीत. मी खूश. घरी येऊन सावली काळी भरली, कपाळाची रेघ वर नेली, आणि वर नेतच राहिलो. कपाळ संपेना. ते टाळूवरून वळून थेट मागच्या कॉलरपाशी उतरलं तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं.

नानांना केस नाहीत.

दहा वर्षं मी या माणसाला रोज जिन्यात भेटतोय. पण ज्या पोस्टरचा सगळा जीव केसांत आहे ते पोस्टर मी एका संपूर्ण टक्कल असलेल्या गृहस्थांसाठी निवडलंय, हे मला सावली भरून होईपर्यंत दिसलं नव्हतं. स्क्रीनवर जे होतं ते नाक फुटलेल्या अंड्यासारखं होतं.

मी केस घातले. काय करणार? डिलनच्याच लाटा जशाच्या तशा उचलल्या आणि नानांच्या डोक्यावर ठेवल्या. फार छान दिसायला लागलं. एवढं छान की मी ते भाचीला पाठवलं. भाची मुंबईत अप्लाइड आर्ट शिकते. त्यामुळे तिच्याकडून कौतुकाची अपेक्षा ठेवायची नाही हे मी शिकायला हवं होतं.

"मामा, हे इन्स्पायर्ड नाहीये. हे ट्रेस आहे."

"अगं, पण ग्लेझरनंसुद्धा कुठून तरी घेतलंच होतं!" मी वाचून ठेवलं होतं. आणि ते खरंच आहे. बाजूनं दिसणारी ती सावली त्याला मार्सेल द्युशाँ या फ्रेंच चित्रकारानं कागद फाडून केलेल्या स्वतःच्या चेहऱ्यावरून सुचली. केसांच्या लाटा इस्लामी चित्रांवरून. आणि खालचं अक्षर, ज्याला तो 'बेबी टीथ' म्हणायचा, ते मेक्सिको सिटीतल्या एका शिंप्याच्या पाटीवरून.

"तेच म्हणतेय मी," भाची म्हणाली. "तो तीन घरी गेला. तू एकाच घरी जाऊन सगळा डबा उचलून आणलास."

तिला माधुकरी हा शब्द माहीत नसावा, पण मुद्दा तोच होता. चार घरचं आणून एका ताटात कालवलं की ते आपलं जेवण. एकाच घरचं ताट आपल्याकडे आणून ठेवलं तर त्याला वेगळा शब्द आहे. मी फोन ठेवला आणि नानांचे केस डिलीट केले. नुसतं बटण दाबायचं होतं, पण मला न्हाव्याचं काम केल्यासारखं वाटलं.

तोवर उशीर झाला होता. केसवाला मसुदा मी उत्साहाच्या भरात आधीच ग्रुपवर टाकला होता. बावन्न माणसांचा ग्रुप. पहिला निरोप तळमजल्यावरून आला: "हे कोण?" दुसरा: "बाई आहे का?" तिसऱ्यात नुसते सहा अंगठे होते, ते बहुधा पाण्याच्या टँकरच्या निरोपाला होते. सेक्रेटरींनी लिहिलं, "कागदावर घड्या का पडल्यात? चांगला कागद वापरा, पैशाची काळजी नको." त्या घड्या मी दोन तास खपून काढल्या होत्या! मूळ पोस्टर बावीस इंच बाय तेहेतीस इंच. एलपीच्या पाकिटात बसवायचं तर एक उभी आणि दोन आडव्या घड्या हव्यातच, म्हणजे अकरा-अकरा इंचांचे सहा चौकोन होतात. एवढा हिशेब करून, घडीच्या रेघेवर शाई किंचित उडालेली दाखवून, कोपरे पिवळट करून मी ते जुनं केलं होतं. ते सगळं मी ग्रुपवर समजावून सांगितलं. त्यावर सेक्रेटरींचं उत्तर आलं, "ठीक. पण इस्त्री करून घ्या."

नानांचा निरोप रात्री अकराला स्वतंत्र आला. "केस चांगले जमलेत. असू दे." थोड्या वेळानं आणखी एक: "बँकेत लागलो तेव्हा साधारण असेच होते." सकाळी काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, जिन्यात भेटल्या, त्यांना मी सहज विचारलं. "कधी?" काकू म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

अक्षरांचं दुखणं वेगळंच. ते बेबी टीथ म्हणजे जवळजवळ भरीव ठोकळे, एका बाजूनं जिन्याच्या पायऱ्यांसारखे कापलेले, मध्ये एखादी बारीक फट. इंग्रजीत ते शोभतं, कारण तिथली अक्षरं एकेकटी उभी असतात. आपल्याकडे प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर शिरोरेघ, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असा दुसरा मजला आणि खाली उकार, म्हणजे तळघर. ठोकळे केले की वरच्या मजल्याला जागाच उरत नाही. कार्यक्रमाचं नाव ठरलं होतं 'गाणी नानांची, चांदणं कोजागिरीचं'. मी तीन रात्री बसून ते ठोकळ्यांत घडवलं. 'ग'चा काना आणि 'न'चा काना अशा पायऱ्या उतरत गेले की माझी मला शाबासकी द्यावीशी वाटली. फक्त अनुस्वार शिरोरेघेत विरघळले.

सकाळी काकूंचा फोन. "काय रे, 'गाणी नानाची'? लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, मी कधी 'नानाची' म्हटलं नाही."

एक टिंब गेलं आणि माझ्याकडून वडीलधाऱ्या माणसाचा अपमान झाला. मेक्सिको सिटीतल्या त्या शिंप्याला ही भानगड नव्हती. मी अनुस्वार परत आणला, चांगला टपोरा, केशरी, पौर्णिमेच्या चंद्राएवढा. आता तो अनुस्वारासारखा दिसेना. 'चांदणं'वर दोन होते, म्हणजे एका शब्दावर दोन चंद्र. पण तेवढं पावलं मला. वहिनींनी "कल्पना छान आहे हं" असं लिहिलं आणि मी ते विचारपूर्वक केलंय असं भासवून गप्प बसलो.

डोक्याचा प्रश्न होताच. रंग कुठे घालू? रंग नाहीत तर पोस्टर नाही आणि केस नाहीत तर रंग नाहीत. माइकच्या वायरीच्या लाटा करून पाहिल्या, नानांना इलेक्ट्रिशियननं गुंडाळल्यासारखं झालं. तोंडातून सूर निघताहेत असं दाखवलं, ते जुलाबाच्या औषधाच्या जाहिरातीवर असतं तसं झालं, फक्त वरच्या बाजूनं.

उत्तर मिळालं ते गच्चीवर. रंगीत तालमीला नाना आले ते कानटोपी घालून. पुण्यात आक्टोबरात दुपारी अंगाची लाही होते आणि रात्री दव पडतं, आणि दवानं घसा बसतो यावर नानांचा गाण्याइतकाच विश्वास आहे. कानटोपी काकूंनी घरी विणलेली. उरल्यासुरल्या लोकरीची असल्यामुळे तिच्यात नातवाच्या स्वेटरचा निळा होता, कुठल्याशा शालीचा जांभळा, एक भडक पोपटी आणि मध्येच दोन ओळी केशरी. गच्चीच्या दिव्यासमोर नाना बाजूनं उभे होते. काळा चेहरा, ठसठशीत नाक आणि डोक्यावर रंगांचे पट्टे. मी दूध ढवळायचा डाव हातात घेऊन तसाच बघत राहिलो.

त्या रात्री मी कानटोपी काढली. म्हणजे चित्रात. प्रत्येक पट्टा जरा वाकवला, मागे मोकळा सोडला, टोकाला लोकर उसवल्यासारखी लाट केली. छटा नाहीत, चमक नाही, सपाट रंग. भाचीला पाठवलं. "हां," ती म्हणाली. अप्लाइड आर्टवाल्यांच्यात हा पुरस्कार असतो.

इथे लेख संपायला हरकत नव्हती, पण मध्ये फ्लेक्सवाला आहे. स्क्रीनवर रंग उजेडाचे असतात, छापताना शाईचे, आणि शाईला तेवढं तेज नसतं, हे मला माहीत होतं. त्यामुळे पोपटीचा शेवाळी झाला ते मी सोसलं. पण माझं पोस्टर उभं होतं आणि सेक्रेटरींनी परस्पर ऑर्डर दिलेला फ्लेक्स आडवा, आठ बाय तीन. फ्लेक्सवाल्यानं ते "ताणून बसवलं". नानांचं नाक गेटच्या एका खांबापासून निघून जवळजवळ दुसऱ्या खांबाला टेकलं. जी जागा उरली तिथं त्यानं आपल्या मनानं एक ग्रामोफोन टाकला. कर्ण्यासकट.

"ग्रामोफोन कुणी सांगितला?" मी विचारलं.

"रेट्रो आहे ना, साहेब? रेट्रोला आम्ही टाकतोच. फ्री आहे."

सेक्रेटरी बेहद्द खूश झाले.

कोजागिरीच्या रात्री नाना खाली आले ते रेशमी झब्बा घालून, उघड्या डोक्यानं, टाळू तेलानं चमकवून. हवेत वारा नव्हता, गच्ची अजून दुपारची तापलेली. पायरीवर थबकून त्यांनी गेटवरचा फ्लेक्स बघितला. बराच वेळ बघितला. मग वळून म्हणाले, "अगं, टोपी आण."

"एवढ्या उकाड्यात?" काकू म्हणाल्या.

"लोकांनी ओळखायला नको का?"

दोन तास नाना कानटोपीत गायले. घाम हनुवटीवरून माइकवर ठिबकत होता. कान झाकलेले असल्यामुळे ट्रॅक त्यांना नीट ऐकू येत नव्हता. दुसऱ्या गाण्यापासून ते वाद्यांच्या एक ओळ पुढे निघून गेले आणि शेवटपर्यंत पुढेच राहिले. प्रत्येक कडवं संपलं की नाना थांबून वाट बघायचे, मागून बासरी धापा टाकत यायची, आणि सगळी गच्ची टाळ्या वाजवायची. टाळ्या पडल्या की नाना डावीकडे वळायचे, हनुवटी जरा वर करायचे आणि माझ्याकडे बघायचे.