ऑक्सिमीटरच्या आकड्यावर विसंबू नका
रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण दाखवणाऱ्या बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९८ टक्के दिसत असेल तर गॅस गिझरच्या विषबाधेची भीती नाही, हे लेखातील विधान धोकादायक आहे. कारण ते यंत्र गिझरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने व्यापलेले रक्तातले हिमोग्लोबिनही ऑक्सिजनयुक्त म्हणूनच मोजते. नाशिकच्या थंडीत आमच्याकडे बंद न्हाणीघरात भाची बेशुद्ध पडली, तेव्हा हाच आकडा पाहून तिला रुग्णालयातून तासाभरात घरी पाठवले गेले. डोकेदुखी मात्र पुढे कित्येक दिवस टिकली.

साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा होण्यास ४ ते ५ तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण सव्वा तास, आणि दाबकक्षात (जास्त दाबाने ऑक्सिजन देण्याच्या बंद कक्षात) वातावरणाच्या तिप्पट दाबाखाली जेमतेम अर्धा तास. म्हणूनच शुद्ध हरपलेल्या वा गर्भवती रुग्णासाठी दाबकक्षाचा विचार त्याच दिवशी व्हावा.