पडदे ओढलेली खोली

२०२५च्या जूनमध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला होता, तेव्हा मी न्यू जर्सीतून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लांबलचक मत लिहिलं. साताऱ्याहून दादाचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘तुझी पोरं कुठल्या शाळेत जातात ते आधी सांग.’ महिनाअखेर सरकारने शासन निर्णय मागे घेतले. दादाचा प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला.

त्याच दिवसांत मी इंग्रजी लेखिका रूथ प्रवर झाबवाला पुन्हा वाचत होते. जन्म १९२७चा, कोलोनमधल्या ज्यू घरातला. १९३९मध्ये नाझींच्या तावडीतून सुटून कुटुंब इंग्लंडला आलं. मागे राहिलेले चाळीसहून अधिक नातलग मारले गेल्याचं कळल्यावर, १९४८मध्ये, वडिलांनी आत्महत्या केली. १९५१मध्ये सायरस झाबवाला या पारशी वास्तुविशारदाशी लग्न करून त्या दिल्लीला आल्या आणि चोवीस वर्षं राहिल्या. तीन मुली वाढवल्या, दिल्लीच्या मध्यमवर्गावर कादंबऱ्या लिहिल्या. मुंबईचे निर्माते इस्माइल मर्चंट आणि अमेरिकन दिग्दर्शक जेम्स आयव्हरी त्यांच्याकडे आले ते त्यांच्या ‘द हाउसहोल्डर’ कादंबरीवर सिनेमा काढायला. त्याआधी रूथ यांनी एकही पटकथा लिहिलेली नव्हती.

‘मायसेल्फ इन इंडिया’ या निबंधात त्या सांगतात, की परदेशी माणसाला आधी भारतातलं सगळं आवडतं, मग तितकंसं नाही, मग काहीच सोसवत नाही, आणि हे चक्र पुन्हा पहिल्यापासून फिरतं. आपण पडदे ओढून, एसी लावून खोलीत बसतो. बाहेरचं दारिद्र्य तरीही मनातून जात नाही. भारतात त्यांच्या लेखनावर पुष्कळ टीका झाली, आणि त्यातली काही मला पटते. त्या निबंधातला भारतीय माणूस फार ढोबळ आहे, वाचताना अजून टोचतो. पण आपण कुठे बसून बघतोय, हे त्यांनी लपवलं नाही. माझ्या त्या लांबलचक मतात नेमकं हेच नव्हतं.

१९७५मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या. त्याच वर्षी ‘हीट अँड डस्ट’ला बुकर मिळालं. पुढे त्यांनी न्यूयॉर्कमधल्या निर्वासित जर्मन ज्यूंवर लिहिलं. जिथे राहत होत्या तिथलं. ई. एम. फॉर्स्टरच्या कादंबऱ्यांवरून लिहिलेल्या ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ आणि ‘हॉवर्ड्स एन्ड’च्या पटकथांना ऑस्कर मिळाले. जिची शाळेची सुरुवात जर्मनमध्ये झाली, तिने इंग्रजांच्या दिवाणखान्यातलं न बोललेलंही पडद्यावर आणलं. तेव्हा ‘बाहेरच्याला काय कळणार’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. कळतं, पण त्यासाठी रोज त्या माणसांत वावरावं लागतं किंवा त्यांच्या पुस्तकात वर्षानुवर्षं मुरावं लागतं. साताऱ्याच्या आजच्या शाळेत मी यातलं काहीच केलेलं नाही. माझ्याजवळ आहे ती माझ्या वेळची शाळा.

मराठीबद्दल बोलणं म्हणून मी थांबवणार नाही. ती माझीही भाषा आहे, आणि इथे ती मुलांच्या तोंडून निसटताना मी रोज ऐकते. ते मला सांगता येतं, पहिलीच्या वर्गात किती भाषा असाव्यात ते नाही.

परवा दादाला उत्तर लिहिलं: ‘इथल्या सरकारी शाळेत जातात, इंग्रजीतून शिकतात. रविवारी मंडळाच्या मराठी शाळेत दोन तास. धाकटी ‘ळ’ला ‘ल’ म्हणते. तुझ्या नातीच्या वर्गात मराठी कशी शिकवतात ते सांग, मला खरंच जाणून घ्यायचंय.’

त्याचा लगेच फोन आला. आम्ही तासभर बोललो.