येवा, कोकण आपलाच आसा (फक्त शनिवार-रविवार)

सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून तिथल्या लोकांना तुमची वाट बघण्यापलीकडे काही काम उरलेलं नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. एवढं जमलं की बाकीची सहल सोपी आहे.

निघायचं शुक्रवारी, ऑफिस सुटल्यावर. मुंबईहून मालवण पाचशे किलोमीटरच्या घरात आहे, तेव्हा शनिवार झोपेत जाणार आणि रविवार परतीत. मधे जे काही तास हाती लागतील त्यांत कोकण 'कव्हर' करायचं. कोकणकन्येच्या वाटेला जाऊ नका. तिथे तुमच्याआधी चाकरमानी रांग लावून बसलेले असतात आणि त्यांना गावाला खरंच काम असतं. गाडीच काढा. पनवेल-इंदापूर रुंदीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं तेव्हा तुमची मुलं जन्मलीही नसतील. आता ती मागच्या सीटवरून "बाबा, अजून किती?" विचारतात आणि महामार्गही तेच विचारतो. फारच घाई असेल तर चिपीला विमानतळ आहे, 9 ऑक्टोबर 2021 पासून. विमानतळ आहे; विमान आहे का तेवढं विचारून निघा.

होमस्टे निवडताना 'अस्सल कोकणी घर' बघून निवडा आणि पोचल्यावर एसी, वायफाय, कमोड या क्रमाने चौकशी करा. घरासमोर सारवलेलं खळं दिसेल. गाडी तिथेच लावा. एप्रिल-मे असेल तर खळ्यात चटया, जुनी लुगडी पसरून त्यांवर लालभडक काहीतरी वाळत घातलेलं असेल. ती रतांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सालं. घरातली बाई पहाटे उठून रतांबे फोडते, बिया काढते, सालं मिठाच्या रसात बुडवते आणि उन्हात टाकते. दुसऱ्या दिवशी पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. असं आठवडाभर चालतं, मग कुठे त्याची सोलं होतात. शेजारच्या चटईवर आंब्याची साटं, पलीकडे फणसाचे पापड, आणि बांबूवर कोणीतरी मासळी टांगलेली. मिरग लागायच्या आत ही सगळी बेगमी व्हावी लागते, कारण पुढचे चार महिने ऊन भेटत नाही. पण हे ऊन तुमच्या पॅकेजमध्ये धरलेलं आहे. "मावशी, हे जरा बाजूला घेता का? फोटोत येतंय," असं गोड आवाजात म्हणा. मासळीच्या वासाबद्दल मात्र तिथे बोलू नका, तो रिव्ह्यूत लिहा.

आणि हो, तिला मावशीच म्हणायचं. ती तुमच्याहून पाच वर्षांनी लहान असली तरी. गावातली पोरं तिला वयनी म्हणतात, पण ती पोरं कुठे ऑनलाइन बुकिंग करून आली आहेत?

आता जेवण. सहलीचा खरा हेतू तोच, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

खाली बसायच्या आधीच "मावशी, एकदम फ्रेश काय आहे?" विचारा. ती सांगेल, "पेडवे इले आसत सकाळचे. तिखला करू?" याकडे साफ दुर्लक्ष करून "सुरमई नाही का?" असं विचारा. "आसा, फ्रीजात." मग चेहरा खुलवून म्हणा, "चालेल, तीच द्या, ताजी!" कोकणात मासे दोनच, सुरमई आणि पापलेट. बाकी जे काही बंदरावर पाट्यांमधून उतरतं, बांगडे, सौंदाळे, लेपे, मुडदुशे, कर्ली, तिसऱ्या, त्याला शहरात कोणी ओळखत नाही, मग फोटो टाकून उपयोग काय? कर्लीत काटे असतात. तिसऱ्या सोलायला वेळ लागतो. आपण आलोय दीड दिवसासाठी.

बांगड्याची आमटी चुकून समोर आलीच आणि तीत मसाल्याचं तिरफळ सापडलं, तर वाटी पुढे सरकवून "मावशी, यात काहीतरी पडलंय" म्हणा. ती हसेल. ते पाहुणचाराचं हसू समजा.

जून-जुलैत गेलात तर मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मासे अंडी घालतात, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकून ठेवलेल्या असतात. हे ज्ञान मुलांना द्या आणि नंतर पापलेट मागवा. कोणत्यातरी शीतगृहातून, कोणत्यातरी राज्यातून ते येईल. समुद्र शेवटी एकच. त्या महिन्यांत गावात काय खातात हे विचारून नसतं झेंगट मागे लावून घेऊ नका. खारा बांगडा चुलीत भाजतात, शेताच्या बांधावर रात्री बत्ती घेऊन कुर्ल्या धरतात, पहिल्या पावसात वहाळाला चढणीचे मासे येतात, परसात टाकळा उगवतो. यातलं काहीही मेनूकार्डावर नाही, आणि मेनूकार्डावर नाही ते जेवण कसलं?

शाकाहारी मंडळींनी तर अजिबात घाबरू नये. मालवणात पनीर मिळतं. काळ्या वाटाण्याचं सांबार, आंबोळ्या, कुळथाची पिठी, कुयरीची भाजी, उकड्या तांदळाची पेज हे सगळं आतल्या खोलीत घरची माणसं खात असतात, त्यांना बिचाऱ्यांना पनीर परवडत नाही. सोलकढी मात्र 'अनलिमिटेड' आहे ना, ते आधी ठरवून घ्या. नारळ तिच्याच झाडाचे. माकडांनी शहाळी पाडून टाकली, पाडेली वेळेवर मिळत नाही, असली रडगाणी ऐकायला आपण आलेलो नाही. तिसरी वाटी मागा.

जेवता जेवता 'इथल्या मातीतच कला आहे' असं एकदा म्हणायचं असतं. तुमच्या सोयीसाठी एक दाखला देऊन ठेवतो. कुडाळात एकेकाळी एक खानावळ होती आणि तिच्या गल्ल्यावर चिं. त्र्यं. खानोलकर बसायचे. म्हणजे कवी आरती प्रभू. स्थानिक जेवण आणि सर्जनशील माणूस एकाच टेबलाशी, असा योग पुन्हा यायचा नाही. खानावळ चालली नाही, शेवटी पोटासाठी त्यांना मुंबई गाठावी लागली. बरोबरच आहे. तुम्ही त्या काळी असता तर तुम्हीही लिहिलं असतंत: 'जेवण ठीक, मालकाचं गिऱ्हाइकाकडे लक्ष नाही, सारखा काहीतरी खरडत असतो. एक तारा.'

किल्ला, स्कूबा, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड हे सगळं शनिवारी दुपारी चार ते सहा उरकून टाका. सिंधुदुर्ग किल्ला बांधायला 1664 ते 1667 लागली, बघायला चाळीस मिनिटं पुरतात. त्यातली वीस होडीत.

उरलेल्या वेळात कलाकार.

यात दोन जाती असतात, गल्लत करू नका. पहिली जात तुमच्याबरोबरच हायवेने आलेली. ती 'शहराच्या गोंगाटाला कंटाळून' किनाऱ्यावर स्थायिक झालेली असते, तिचा लिननचा सदरा असतो, आणि ती शनिवारी सकाळी 'मातीशी नातं' नावाची कार्यशाळा घेते. माती बाहेरून मागवलेली असते, कारण कोकणातल्या जांभ्याच्या मातीचं भांडं नीट होत नाही म्हणे. शुल्क आगाऊ. इथे घासाघीस करायची नाही, कलेचा अपमान होतो.

दुसरी जात स्थानिक. इथे घासाघीस करायची.

उदाहरणार्थ सावंतवाडी. चितारआळीत लाकडी फळं, भातुकली, पाट-चौरंग मांडून माणसं बसलेली असतात. तिथेच गंजिफा मिळेल. गोल पत्ते, लाखेचा लकाकता हात, हाताने रंगवलेले. दशावतारी संच 120 पत्त्यांचा: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते, त्यात एक राजा, एक वजीर, बाकी एक्क्यापासून दश्शीपर्यंत. मत्स्याचे दहा मासे काढायचे तर दहा मासे काढावेच लागतात, शिक्का मारून भागत नाही. हे सगळं ऐकून झाल्यावर किंमत विचारा आणि दचका. "ऑनलाइन एवढ्यात पोकर सेट येतो." मग "याने रमी खेळता येते का?" मग "सुटा एक पत्ता नाही का देत? फ्रिज मॅग्नेट करायचाय." शेवटी नुसता रंगीत डबा घ्या, त्यात गाडीच्या चाव्या राहतात.

वाटेत कुडाळजवळ पिंगुळी लागते. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या पिढ्यानुपिढ्या सांभाळल्या. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. त्यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय थाटलेलं आहे. पोथी उघडून एकेक चित्र पुढे धरत, गात गात कथा सांगायची ही रीत. म्हणजे समोर बसून, शेवटपर्यंत, फोन खाली ठेवून ऐकायचं. दीड दिवसाच्या सहलीत हे बसत नाही. पाटीसोबत फोटो काढा, 'व्हिलेज व्हाइब्स' लिहा, चला.

दशावताराचा खेळ मात्र सोडू नका, त्याचे व्हिडिओ फार चांगले येतात. अडचण एवढीच की तो तुळशीचं लग्न लागल्यावर जत्रांमधून सुरू होतो, आणि तोही देवाची पालखी फिरून झाल्यावर, मध्यरात्रीच्या सुमाराला. पहाटेपर्यंत चालतो. होमस्टेवाल्याला सांगून पाहा, शेकोटीजवळ वीस मिनिटांचे 'हायलाइट्स' करतात का. नाहीच जमलं तर जत्रेत जा, पण थेट रंगपटात घुसा. देवळाच्या मागच्या पडवीत एक माणूस पत्र्याच्या ट्रंकेसमोर मांडी घालून बसलेला असेल. एका हातात आरसा, दुसऱ्या हाताने स्वतःच स्वतःला रंगवतोय. दिवसा तो टेम्पो चालवतो, किंवा काजूच्या कारखान्यात असतो, किंवा आताच भातलावणीचे पैसे फेडतोय. अर्ध्या तासात त्याची द्रौपदी होईल. कंपनीच्या मालकाने आख्यान तेवढं सांगितलंय. लिहिलेली संहिता नाही, पाठांतर नाही, समोरचा काय बोलेल ते ऐकून आपण बोलायचं, पेटी-मृदंगावर पद उचलायचं आणि कोंबडा आरवेपर्यंत महाभारत ओढून न्यायचं. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणा, "दादा, जरा लाइटकडे बघा ना." तो बघेल. बघून घेतो तो. मग पाचव्या मिनिटाला संकासुर, म्हणजे काळ्या तोंडाचं विनोदी पात्र, रंगमंचावर येऊन पुणेकर पाहुण्यांवर काहीतरी बोलेल आणि सगळी जत्रा खो-खो हसेल. तुम्हीही हसा. मालवणी न कळण्याचा हाच फायदा.

एवढं झालं की रविवारी सकाळी तुमच्या मनात जागा घ्यायचा विचार येईल. यायलाच हवा. 'येवा, कोकण आपलाच आसा' हे आवाहन तर पाटीपाटीवर केलेलंच आहे, ते शब्दशः घ्या आणि सातबारा मागा. त्यावर चाळीस नावं निघतील, तीस मुंबईत, पाच स्वर्गात आणि पाच एकमेकांशी बोलत नाहीत अशी. घाबरू नका, एजंट सगळं बघतो. शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं. तेही तो बघतो. जागा सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावर, घ्या, वारा छान असतो. एजंट सांगेल की नुसता कातळ आहे, कामाचा नाही. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर कोणीतरी फार फार पूर्वी याच बिनकामाच्या कातळात चित्रं खोदून ठेवली. 2022 साली ती कोकणातल्या इतर कातळशिल्पांबरोबर युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्या कलाकारांनी सही केलेली नाही, त्यामुळे हरकत घ्यायला कोणी येणार नाही. तरी जेसीबी लावण्याआधी पायाखाली बघू नका, उगाच काम अडतं.

काजूची कलमं तोडा, चिऱ्याचं कंपाउंड घाला, त्याला जाड गेट लावा, आत लॉन करा. बंगल्याला नाव मात्र मालवणी द्या. पहिली काही वर्षं सुखात जातील. मग एका कार्तिकात रात्री साडेबाराला खालच्या देवळातून मृदंग सुरू होईल आणि पहाटेपर्यंत थांबणार नाही. तुम्ही शांततेचे पैसे मोजलेले आहेत, तेव्हा तक्रार करणं हा तुमचा हक्कच आहे. फक्त ती त्याच रात्री पोलीस पाटलाकडे करायला जाऊ नका. घरी सापडायचा नाही तो. तोंडाला काळं फासून उभा असेल, संकासुराचं काम त्याच्याकडेच आहे.