‘इंदुरात घरी खत करणं म्हणजे वेडेपणा’: फिरत्या संदेशाचा समाचार

कॉलन्यांच्या आणि मल्टीच्या (बहुमजली इमारतींच्या) व्हॉट्सअॅप गटांत एक संदेश वरचेवर पुढे ढकलला जातो. त्यातले मुद्दे असे: गाडीत सगळं एकत्रच होतं, म्हणून ओला-सुका करणं फुकट; शहरात बायो-सीएनजीचा (ओल्या कचऱ्यापासून गाड्यांचा गॅस करणारा) कारखाना असताना घरी खत कशाला; केलंच तर वास, अळ्या आणि डेंग्यू; त्यातून महागडं कल्चर (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची विकतची पुडी) लागतं; हे सगळं परदेशी फॅड; आणि प्लास्टिक तर रिसायकल होतच नाही. यातला एक मुद्दा बराचसा खरा आहे. बाकीचे अर्धवट माहितीवर उभे आहेत.

गाडीपासून सुरुवात करू. इंदूरच्या कचरागाडीला ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा असे सहा कप्पे असतात. मिसळ होते ती बहुतेक त्याच्या आधी, स्वयंपाकघरातल्या बादलीत. भाजीची सालं पन्नीत (प्लास्टिकच्या पिशवीत) भरून, गाठ मारून ओल्या कप्प्यात टाकली की ती पन्नी पुढे कुणाला तरी फोडावी लागते. आमटी सांडलेला पुठ्ठा सुक्यात गेला की शेजारचे चार पुठ्ठेही भिजतात, आणि भिजून कुजलेल्या कागदाला भंगारवाला भाव देत नाही. एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं करायला काय लागतं, हे देवगुराडियाला, शहराच्या कचरा डेपोत, दिसलं. तिथे साठलेला सुमारे १३ लाख टन जुना कचरा उकरून, यंत्रांनी चाळून माती, प्लास्टिक, चिंध्या, दगड असं निवडावं लागलं, तेव्हा कुठे सुमारे १०० एकर जागा मोकळी झाली.

आता कारखाना. देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ला सुरू झाला. त्याची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची, म्हणजे तो चालतो वेगळ्या आलेल्या ओल्यावरच. हवाबंद टाकीत जिवाणू अन्न पचवतात आणि मिथेन निघतो. त्यात पन्नी गेली तर ढवळणीला गुंडाळते, माती-रेती गेली तर तळाशी बसून टाकीची जागा खाते, आणि नारळाची करवंटी किंवा काटक्या पचतच नाहीत. गंमत अशी की या टाकीला जे आवडतं ते घरच्या खताच्या डब्याला सोसत नाही. उरलेला भात, तेलकट भाजी, सराफ्यातून (रात्रीच्या खाऊबाजारातून) आणून शिळी झालेली मिठाई यांतून गॅस चांगला निघतो, पण घरच्या डब्यात ती आंबते. उलट सालं, देठं, चहाचा चोथा, निर्माल्य घरी सहज कुजतं, आणि त्यात बरंचसं पाणीच असतं. ते पाणी डिझेल जाळून देवगुराडियापर्यंत न्यायचं कशाला? म्हणून वाटणी सोपी आहे: शिजवलेलं गाडीला, कच्चं घरी. कारखाना की घर, असा वाद इथे मुळात नाही.

वास आणि अळ्यांचा मुद्दा मात्र सविस्तर घ्यायला हवा, कारण लोक खत करणं सोडतात ते इथेच.

चार माणसांच्या घरात रोज एक किलो ओला कचरा धरू. त्यात साधारण ८०० ग्रॅम पाणी आणि २०० ग्रॅम कोरडा भाग असतो. खताला ५० ते ६० टक्के ओल लागते. एक किलोला ६० टक्क्यांवर आणायचं तर हिशेबाने सुमारे ४०० ग्रॅम वाळलेला पाला मिसळावा लागतो. कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाणही तेवढ्याच पाल्याने ३०:१च्या आसपास येतं, जे जिवाणूंना मानवतं. चुरलेला ४०० ग्रॅम पाला म्हणजे छोटी बादलीभर. बहुतेक घरांत वरून मूठभर पसरला जातो आणि मग तक्रार येते की वास मारतो. मातीच्या मडक्यातून पाणी झिरपून उडतं, म्हणून तिथे थोड्या कमी पाल्यावर भागतं. प्लास्टिकच्या ड्रममध्ये भागत नाही.

मांडणी अशी. ८० लिटरचे तीन झाकणाचे ड्रम. अंगाला चहूकडून १०-१५ सेंटिमीटरवर ८ मिलिमीटरची भोकं, आतून मच्छरदाणीची जाळी चिकटवलेली. तळालाही भोकं, खाली विटा आणि थाळी. आत तळाशी १५ सेंटिमीटर नारळाच्या शेंड्या किंवा काटक्या. सालांचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा. अख्खं कणीस किंवा केळीचा घड-दांडा महिनोन्महिने तसाच राहतो. पहिला ड्रम चार आठवडे भरा, मग झाकून आठ आठवडे ठेवा आणि आठवड्यातून एकदा तळापासून उलथा. तेवढ्यात दुसरा, तिसरा भरतो आणि पहिला रिकामा होऊन परत हाती येतो.

तपासणी मुठीत होते. मूठभर घेऊन दाबलं की एखाद-दोन थेंब यावेत. धार लागली तर ओलं, काहीच न येता भुगा झाला तर कोरडं. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा कमी: उलथून पाला घाला. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे हिरवं (सालं, देठं) जास्त, पाला कमी, उपाय तोच. आंबूस वास म्हणजे भात किंवा फळं जास्त झाली: दोन दिवस नवीन काही घालू नका, रोज उलथा. मुंग्या दिसल्या तर कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. एप्रिल-मेच्या उन्हात हे हमखास होतं. पांढरी बुरशी दिसली की लोक घाबरून ड्रमच रिकामा करतात. ती बुरशी कामाची आहे.

करड्या-पांढऱ्या जाडसर अळ्या बहुधा ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात. ती माशी चावत नाही आणि अन्नावर घोंघावतही नाही. अळ्या कचरा झपाट्याने संपवतात. नकोशा वाटत असतील तर पाला वाढवा, कोरड्यात त्या टिकत नाहीत. डेंग्यूचा डास अंडी घालतो साठलेल्या पाण्यात, कुजणाऱ्या पाल्यात नाही. धोका असलाच तर ड्रमखालच्या थाळीत आहे. ती दोन दिवसांनी रिकामी करा. थाळीत झिरपलेल्या पाण्यात दहापट साधं पाणी मिसळलं की ते झाडांना चालतं.

खरी अडचण वेगळीच, आणि संदेश लिहिणाऱ्याला ती सुचलेली दिसत नाही: पाला वर्षभर पडत नाही. फाल्गुन-चैत्रात कडुनिंब आणि पिंपळाखाली पोती भरतात, आणि पावसाळ्यात, जेव्हा सगळ्यात जास्त लागतो, तेव्हा हातात येतो तो भिजका. वरच्या हिशेबाने महिन्याला १२ किलो, म्हणजे चार महिन्यांचे एका घराला सुमारे ५० किलो. तेवढा मार्चमध्येच पोत्यांत भरून छपराखाली ठेवावा लागतो. पाला जाळणाऱ्या माळ्याला कॉलनीने आधी थांबवावं, ड्रमची खरेदी नंतर करावी. मल्टीत साठ घरांनी मिळून करायचं तर ड्रमच्या भानगडीत पडू नका. लांबी, रुंदी, उंची एकेक मीटरहून मोठे जाळीदार विटांचे हौद बांधा. तेवढ्या ढिगात उष्णता धरून राहते, आतलं तापमान ५५ अंशांवर जातं आणि तणाचं बी मरतं. घरच्या ड्रममध्ये ते मरत नाही, म्हणून कुंडीत टोमॅटो उगवतात. उगवू द्या.

कल्चर विकत घ्यायची गरज नाही. आधीच्या खताच्या दोन मुठी पुरतात; पहिल्यांदाच करत असाल तर बागेतली माती किंवा जुनं शेणखत.

फॅडचं म्हणाल, तर जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाणारी खताची रीत याच गावची. १९२४ ते १९३१ या काळात इथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ती बसवली. पिकांचा पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर, ठरावीक अंतराने तीनदा उलथणं, तीन महिन्यांत खत. विरजणाचं काम शेण करायचं, बाजारची पुडी नव्हे.

उरलं प्लास्टिक, आणि इथे संदेश बराचसा बरोबर आहे. नमकीनची चकचकीत पाकिटं अनेक थरांची असतात. ते थर सुटे होत नाहीत, म्हणून अशी पाकिटं फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. शेव सुटी, डब्यात घ्या. इंदुरात ती तशी मिळते. पण पाण्याच्या बाटल्या, शॅम्पूचे डबे, दुधाच्या पिशव्या खरंच वितळून पुन्हा वापरात येतात, फक्त धुतलेल्या आणि वाळलेल्या हव्यात. दुधाची पिशवी फोडताना कोपरा पूर्ण कापून टाकू नका, चीर देऊन तो पिशवीलाच लटकता ठेवा. सुटा तुकडा चाळणीतून खाली पडतो आणि कुणाच्याच हाती लागत नाही. पिशवीत चमचाभर पाणी घालून हलवा, ते कुंडीत ओता, पिशवी दोरीवर उलटी टांगा आणि आठवड्याच्या पिशव्या एकत्र करूनच गाडीला द्या.