एक जनुक, एक अवयव? गवतवर्गीय पिकांत तसं चालत नाही

शेतीच्या मजकुरात एक दावा सारखा फिरतो: "मका, भात, ज्वारी यांच्या प्रत्येक अवयवाचं एक जनुक ठरलेलं असतं. तेवढं बदला, हवं तसं पीक घ्या. त्याच्यासारख्या बाकी प्रती म्हणजे कचरा."

आधी 'पानाचं जनुक'. मक्यातलं नॉटेड-1 हे 1989 मध्ये वेगळं काढलं गेलं. वनस्पतींत सापडलेलं ते पहिलं होमिओबॉक्स जनुक, म्हणजे इतर जनुकं चालू-बंद करणाऱ्या एका गटातलं. त्यात बिघाड असला की पानावर शिरांच्या कडेने गाठी उठतात, म्हणून ते पानाचं वाटतं. प्रत्यक्षात त्याचं काम शेंड्यात चालतं: तिथल्या पेशींना लगेच ठराविक रूप घेऊ न देणं. जिथून पान फुटायचं तिथे ते बंद व्हावं लागतं. पानात ते नको असताना चालू राहतं, म्हणून गाठी येतात. त्याला आणि त्याच्या भावंडांना पानात गप्प ठेवायला रफ शीथ-2 लागतं, आणि ते वेगळ्याच कुटुंबातलं आहे. मग पानाचं जनुक नेमकं कुठलं म्हणायचं?

'कचरा' हा शब्द तर मला खटकतोच. मक्यात नॅरो शीथ-1 आणि नॅरो शीथ-2 अशी जुळी जनुकं आहेत. एक बिघडलं तर पान ठीकठाक येतं. दोन्ही बिघडली की पानाच्या खालच्या भागाच्या कडाच बनत नाहीत, खोडाला वेढणारं आवरण अरुंद राहतं. टोक मात्र नेहमीसारखंच. एकेक प्रत तपासून 'काही होत नाही' म्हणणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

एक गोष्ट मान्य: लिगुललेस-1 बिघडलं की पातं आणि आवरण यांच्या सांध्यावरचा पातळ पडदा नाहीसा होतो आणि पानं उभी राहतात. एका जनुकाने इतकं होतं खरं, पण तेही एकटं काम करत नाही.

भ्रूणाचंही तेच. भातात बेबी बूम कुटुंबातली तीन जनुकं एकदम बंद केली तर भ्रूणाची वाढ थांबते. 2018 च्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी त्यातलं बीबीएम-1 अंडपेशीत चालू केलं आणि फलनाशिवाय भ्रूण वाढला. हीच बातमी 'एका जनुकाने क्लोन भात' म्हणून फिरली. पण नुसत्या बीबीएम-1 ने निम्म्या गुणसूत्रांचं रोप मिळतं. हुबेहूब आईसारखं हवं असेल तर अर्धसूत्री विभाजनाची (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाची) आणखी तीन जनुकं बंद करावी लागतात. शिवाय दाण्यातला पिष्टमय भाग तयार व्हायला फलन लागतंच.