पूररेषा पीडीएफमध्ये नको, भिंतीवर रंगवा

मुठा नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला की निम्मं पुणं लकडी पुलाच्या कठड्याला जाऊन टेकतं. फोटो, कणीस, "किती क्युसेक सोडलंय हो?" आणि हमखास एक आजोबा, "हे काहीच नाही, एकसष्टला बघायला हवं होतं." एकसष्ट म्हटलं की पुण्यात पुढचं सांगावं लागत नाही. १२ जुलै १९६१. बांधकाम पुरं व्हायच्या आत पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्यापुढे खालच्या खडकवासला धरणाची भिंतही टिकली नाही आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचत धरण तोलून धरलं, म्हणून ते सकाळी फुटलं. तेच मध्यरात्री फुटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

त्या पुराने शहराचा नकाशाच बदलला. गोखलेनगर, जनवाडी, सहकारनगर या भागांत पूरग्रस्तांची वस्ती झाली. निसेन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या तात्पुरत्या घरांत, वर्षानुवर्षं राहिलेली माणसं अजून भेटतात. म्हणजे आजच्या पुण्याचा चांगला मोठा तुकडा एका दिवसाच्या पाण्याने वसवलेला आहे. पण हे शहर बघून कुणाला कळेल का?

शनिवार पेठेतल्या एका वाड्यात मी लहानपणी पुराची खूण पाहिली होती. जिन्याच्या वळणावर, माझ्या डोक्याच्या बरीच वर, कुणीतरी गेरूने आडवी रेघ ओढून खाली तारीख घातली होती. वाड्यातल्या काकू दर दिवाळीला भिंतीला चुना काढायच्या, पण ती रेघ तेवढी सोडून. पुढे वाडा रिडेव्हलपमेंटला गेला. आता तिथे स्टिल्ट पार्किंग आहे आणि रेघ राडारोड्याबरोबर गेली. असे किती वाडे गेले ते पेठेत राहणाऱ्याला सांगायला नको.

पूररेषा सरकारदरबारी आहेतच, नाही असं नाही. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लालच्या मध्ये अटी घालून परवानगी. मुठेसाठी हिशेब आहे ६० हजार क्युसेकला (सेकंदाला तितके घनफूट पाणी) निळी आणि १ लाखाला लाल. आता २५ जुलै २०२४ आठवा. खडकवासल्यातून विसर्ग होता ३५ हजारांच्या आसपास आणि सिंहगड रोडला एकतानगरीत तळमजल्यावरच्या घरांत पाणी. लोक पहाटे पांघरुणातून उठले ते थेट पाण्यात. धरणाखालच्या ओढ्यानाल्यांचं पाणी वेगळं येतं हे मान्य. पण मग रेषा आखताना ते कुठे गेलं होतं? आणि पात्रात इतकी वर्षं ओतलेला भराव?

नदीचं एक वेळ ठीक, ओढ्यांची कथा त्याहून वाईट. आंबिल ओढा मूळचा आजच्या बाजीराव रोडच्या बाजूने वाहायचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात तो दांडेकर पुलाच्या बाजूला वळवला, पर्वतीच्या पायथ्याला तळं केलं (आपला सारसबागेतला तळ्यातला गणपती तिथलाच) आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पेठा वाढल्या. कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं, मध्ये उसासे (नळातली हवा आणि दाब मोकळा करणारे मनोरे) ठेवले, ठिकठिकाणी हौद बांधले. म्हणजे ओढा हलवायला त्यांचीही ना नव्हती, पण हलवलेल्या पाण्याला त्यांनी जागा दिली. आपण नुसतीच घेतली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याच आंबिल ओढ्याने कात्रजपासून टांगेवाले कॉलनीपर्यंत काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्या रात्री धरणाचा काहीएक संबंध नव्हता.

या पार्श्वभूमीवर नदीकाठ सुधार प्रकल्प. ४४ किलोमीटर, साडेचार हजार कोटींच्या वर खर्च, मार्च २०२२ मध्ये भूमिपूजन. समर्थक म्हणतात पूरपातळी खाली येईल, विरोधक म्हणतात बांध घालून पात्र आवळलं जाईल. माझं मत विरोधकांच्या बाजूचं आहे, लपवत नाही. जॉगिंग ट्रॅकला माझी हरकत नाही, मीच पहिला जाईन चालायला. पण मैलापाणी थेट पात्रात येतंय तोवर काठाला दगडी फरशा लावणं म्हणजे तुंबलेल्या मोरीला संगमरवर बसवणं. असो. त्यावर इथे कमेंटमध्ये युद्ध होईल, होऊ दे.

माझी मागणी त्याहून फार लहान आहे आणि तिला हजार कोटी लागत नाहीत. निळी आणि लाल रेषा जमिनीवर आणा. विठ्ठलवाडीपासून संगमापर्यंत आणि पुढे बंडगार्डनपर्यंत, जिथे जिथे रेषा रस्ता ओलांडते तिथे विजेच्या खांबावर रंगाचा पट्टा मारा. पुलांच्या खांबांवर, मेट्रोच्याही, ती नाहीतरी डेक्कनजवळ पात्रातूनच गेली आहे. शाळांच्या भिंतींवर एकसष्टची पातळी लिहा. ओढ्यांच्या कल्व्हर्टवर २०१९ ची. विकास आराखड्याच्या नकाशातली ती बारीक रेघ बघायला सामान्य माणूस महापालिकेत जात नाही. गेला तरी झूम करून आपली बिल्डिंग सापडेपर्यंत दुपारची जेवणाची सुट्टी होते. फ्लॅट घेताना एजंट 'रिव्हर व्ह्यू' म्हणून वर पैसे मागतो. त्याच गेटवर छातीइतक्या उंचीवर निळा पट्टा दिसला तर गिऱ्हाईक निदान एक प्रश्न जास्त विचारेल.

हा विषय मी आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मांडला. आमची बिल्डिंग ओढ्याला लागून आहे, २०१९ ला पार्किंगमधल्या गाड्या तरंगल्या होत्या. म्हटलं, महापालिका करेल तेव्हा करेल, आपण आपल्या खांबावर त्या रात्रीची पातळी रंगवू, डब्याचा खर्च माझा. पाच मिनिटं शांतता. मग दुसऱ्या मजल्यावरचे एक सभासद म्हणाले, "कल्पना चांगली आहे हो, पण फ्लॅटचे रेट पडतील." ठराव बारगळला. चहा-सामोसे आले. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत तो पुन्हा घालायला मी सेक्रेटरींना लेखी दिलंय. तुमच्याही सोसायट्या नदी-ओढ्याकाठी असतील तर घाला, आणि तिथे काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.