सॅबॅटिकलवर निघालेल्या प्राध्यापकांस सूचना

आधी अभिनंदन. सॅबॅटिकलला, म्हणजे अभ्यास-संशोधनासाठीच्या लांब पगारी रजेला, पात्र ठरलात म्हणजे बरेच टिकलात. पीएचडी घेऊन असिस्टंट प्रोफेसर लागलात, तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे असोसिएट व्हायला टप्प्याटप्प्याने ४, ५ आणि ३ मिळून १२ वर्षं. त्या पदावर आणखी ७ काढली की ही रजा मागता येते. कॅसची, म्हणजे बढतीची, फाइल एकाही टेबलावर झोपली नाही असं (हसू नका) धरलं, तरी तिशीत लागलेला माणूस एकोणपन्नाशीत विचार करायला मोकळा होतो. तरुणपणी दिली तर संशोधन होऊन बसायचं!

१८८० मध्ये हार्वर्डने ही सोय सुरू केली ती दर सातव्या वर्षी, अर्ध्या पगारावर. आपण दिलदार. पूर्ण पगार, तारखेला इन्क्रिमेंट, पेन्शनला सेवा धरणार. परत रुजू झालात की झालं. एका वेळी जास्तीत जास्त १ वर्ष, अख्ख्या नोकरीत २. मधे स्टडी लीव्ह घेतली असेल तर परतल्यावर ५ वर्षं हे नावही काढायचं नाही. (शाळेतल्या शिक्षकांनी इथेच थांबावं. तुमच्या वाट्याला मतदार याद्या आहेत.)

अर्जासोबत कामाचा आराखडा द्यावा लागतो. त्यात ‘वाचन करणार’ असं चुकूनही लिहू नका. मुंबईच्या एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या चढून रोज जुने ग्रंथ चाळणार, हे तर मुळीच नको. पगार घेऊन माणूस वाचत बसतो ही कल्पना कार्यालयाला सोसत नाही. ‘डेटा कलेक्शन’, ‘आउटकम’, ‘इंटरडिसिप्लिनरी’ हे शब्द पहिल्या पानावर पेरा. दुसरं पान कुणी उघडत नाही.

मग प्राचार्य. ते नाही म्हणणार नाहीत. “मॅडम, जरूर घ्या, फक्त नॅक होऊ द्या,” म्हणतील. नॅक म्हणजे कॉलेजची दर्जातपासणी. ती झाली की तिचा वार्षिक अहवाल एक्यूएआर, मग ऑटोनॉमी, मग नव्या धोरणाचा नवा सिलॅबस. सोयीचा मुहूर्त रिटायरमेंटच्या आदल्या महिन्यात निघतो.

खरी गोम वर्कलोडची. तुमचे आठवड्याचे १४ तास कोण घेणार? स्टाफरूममध्ये चहा थांबतो, सगळे एकदम टाइमटेबलकडे बघू लागतात. उत्तर ठरलेलं: सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरचा शिक्षक. विरारहून येणारा एखादा पीएचडीधारक, जो आधीच आणखी दोन कॉलेजांत धावतोय, तो तुमचं टीवायचं (तिसऱ्या वर्षाचं) सगळं अंगावर घेईल. पैसे तासावर; सुट्टी, परीक्षा, वाचनाचा वेळ त्यात बसत नाही. त्याच्या नेमणुकीची मंजुरी सत्र निम्मं सरल्यावर येते, तोवर पोर्शन विभागातल्या सहकाऱ्यांच्या गळ्यात. ते तुमच्या संशोधनाला मनापासून शुभेच्छा देतील, त्या मनावर घेऊ नका.

रजा मिळालीच, तर ती दवडायची कशी? सोपं आहे. कॉलेजचे वॉट्सॲप ग्रुप सोडू नका. “घरीच आहात ना, मग कॅपला या,” असा फोन येईल. जा, आणि त्या तपासणी केंद्रात स्क्रीनवर उत्तरपत्रिका तपासत बसा. शेजारी तुम्हाला सस्पेंड केलंय असं समजतील. सोसायटीचे सेक्रेटरी मात्र खरे गुणग्राहक; रिडेव्हलपमेंटच्या कमिटीवर तुमचं नाव पहिल्याच आठवड्यात लागेल, आणि बिल्डरच्या ऑफरचा तक्ता करताना सहा महिने कुठे गेले ते कळणार नाही.

पैशाच्या मोहात पडू नका. या काळात दुसरीकडे नियमित नोकरी चालत नाही. फेलोशिप किंवा मानधनाचं तात्पुरतं काम चालतं, पण मग विद्यापीठ तुमची रजा कमी पगारावर मंजूर करू शकतं. म्हणजे खरंच अभ्यासाला बोलावणं आलं तर खिशाला कात्री लागू शकते. कमिटीत बसणाऱ्याचा पगार शाबूत.

परतल्यावर काय केलंत याचा अहवाल द्यायचा असतो. तो निघण्यापूर्वीच लिहून ठेवा, पुढे तक्ते करण्यातून सवड होणार नाही. ग्रंथसूची लांब ठेवा. रुजू व्हायच्या दिवशी सकाळीच हजर राहा, जॉइनिंग रिपोर्टच्या दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का मारून घ्या आणि सर्व्हिस बुकात नोंद पडली का ते हेडक्लार्ककडे उभं राहून बघा. अहवाल कुणी मागणार नाही. ती शिक्क्याची प्रत पेन्शनच्या वेळी नक्की मागतील.